छऱ्याच्या बंदुकीच्या बदली स्प्रिंगा: चार प्रकारांची पारख

नळी मोडून छर्रा भरायच्या बंदुकीत सगळा जोर एका स्प्रिंगचा असतो. नळी खाली ओढली की पिस्टन मागे जातो, स्प्रिंग दाबली जाते आणि खटका सुटला की तीच पिस्टनला पुढे फेकते. सिलिंडरमधली हवा बारीक छिद्रातून छऱ्यामागे घुसते आणि छर्रा सुटतो. स्प्रिंग थकली की आधी आवाज बदलतो. बार झाल्यावर आत तार झणझणत राहते. मग दहा मीटरवर छर्रे खाली बसायला लागतात आणि एकाच नेमाच्या दोन छऱ्यांत दोन बोटांचं अंतर पडतं. अशा वेळी जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठंही विचारा, पहिला सल्ला मिळतो ‘हेवी स्प्रिंग टाक’ असा. चांगल्या चालणाऱ्या बऱ्याच बंदुका त्या सल्ल्यानंतरच बिघडतात.

इथं चार प्रकार तपासले आहेत: मूळ मापाची बदली स्प्रिंग, ऑनलाइन मिळणारी जाड तारेची ‘पॉवर’ स्प्रिंग, गावात वळून घेतलेली स्प्रिंग आणि गॅस स्प्रिंग. बंदूक म्हणजे डायना ३५ च्या धर्तीवरच्या देशी बंदुका किंवा त्याच जातीची, ४.५ मि.मी. छऱ्याची कुठलीही स्प्रिंगवाली एअर रायफल. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे .१७७ कॅलिबरची आणि २० जूलपर्यंत ताकदीची एअर रायफल विनापरवाना ठेवता येते. हा २० चा आकडा शेवटपर्यंत डोक्यात ठेवा. स्प्रिंग बदलताना तो नकळत ओलांडला जाऊ शकतो आणि मग ती बंदूक परवान्याच्या कक्षेत जाते.

आधी मोजमाप, मग खरेदी

दुकानदार स्प्रिंग वेगाच्या आकड्यावर विकतो: इतके फूट, तितके मीटर. त्या आकड्याला अर्थ नाही, कारण तो कुठल्या बंदुकीत आणि किती ग्रॅमच्या छऱ्यावर मिळाला हे पाकिटावर नसतं. विचारायची मापं पाच आहेत: तारेची जाडी, बाहेरचा व्यास, एकूण वेढे, मोकळी लांबी आणि टोकं कशी केली आहेत. पाचही सांगता येत नसतील तर त्या विक्रेत्याकडून घेऊ नका.

जुनी स्प्रिंग काढल्यावर व्हर्नियरने मोजा. तारेची जाडी आणि वेढे यांवर विश्वास ठेवा. मोकळ्या लांबीवर ठेवू नका, कारण वापरलेली स्प्रिंग बसलेली असते. नव्यापेक्षा ती एक-दोन सेंटिमीटर आखूड भरली तर नवल नाही.

तारेच्या जाडीत दशांश मिलिमीटरचा फरक का मोठा, हे एकदा आकड्यांत बघून घेतलेलं बरं. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो आणि वेढ्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात कमी होतो. उदाहरणाला एक स्प्रिंग घेऊ: तार ३.० मि.मी., वेढ्याचा मधला व्यास १७ मि.मी., एकूण ३४ वेढे, त्यांतले ३२ काम करणारे, मोकळी लांबी २४० मि.मी. हिचा कडकपणा येतो मिलिमीटरला सुमारे ५.१५ न्यूटन. बंदुकीत बसल्यावर ती १९० मि.मी. जागेत दाबून असते, म्हणजे आधीच ५० मि.मी. दाब, सुमारे २६ किलो. पिस्टन ८० मि.मी. मागे आला की स्प्रिंगला ११० मि.मी. जागा उरते आणि दाब ६८ किलोच्या आसपास जातो. या ओढीत साठलेली ऊर्जा ३७ जूल. त्यातला साधारण एक तृतीयांश छऱ्याला मिळतो, म्हणजे १२ जूल. ०.५३ ग्रॅमच्या छऱ्याला एवढ्यात सेकंदाला २१३ मीटरचा वेग मिळतो.

आता बाकी सगळं तेच ठेवून तार फक्त ३.२ मि.मी. करा. कडकपणा ६.६७ वर जातो, जवळपास ३० टक्के जास्त. नळी ओढायचा जोर त्याच प्रमाणात वाढतो, शेवटचा दाब ८८ किलो होतो. साठलेली ऊर्जा ४८ जूल आणि कागदावर छऱ्याचे १६. हे ऐकून हात शिवशिवतात. पण दुसरा हिशेब बघा. ३४ वेढ्यांची ३.० ची स्प्रिंग पूर्ण मिटली की १०२ मि.मी. होते, म्हणजे ११० च्या जागेत ८ मि.मी. शिल्लक. ३.२ ची मिटून १०८.८ होते, शिल्लक १.२. तिच्यामागे कुणी हौसेने दोन मिलिमीटरची चकती टाकली की हिशेब उणे ०.८. वेढ्याला वेढा भिडतो, पिस्टन खटक्याच्या दातापर्यंत पोचत नाही, आणि माणूस ‘अडकतंय’ म्हणून नळीवर सगळा भार टाकतो. कॉकिंगचा दांडा (नळी ओढली की पिस्टन मागे नेणारा) वाकतो किंवा नळीच्या बिजागरीचा बोल्ट ढिला होतो.

म्हणून आपल्या बंदुकीतली जागा स्वतः मोजा. स्प्रिंग काढून पिस्टन पूर्ण पुढे ढकला. मागच्या कडेपासून पिस्टनच्या आतल्या तळापर्यंत खोली सळईने मोजा. त्यातून मागच्या टोपीचा आत जाणारा भाग आणि गाइडच्या (स्प्रिंगच्या आत बसून तिला सरळ धरणारा दांडा) बैठकीची जाडी वजा करा. ही बसल्या जागेची लांबी. पिस्टन दात पकडेपर्यंत किती मागे येतो ते मोजून यातून वजा केलं की ओढलेल्या अवस्थेतली जागा मिळते. नवी स्प्रिंग पूर्ण मिटल्यावर या जागेपेक्षा किमान ४-५ मि.मी. आखूड राहिली पाहिजे. एकूण वेढे गुणिले तारेची जाडी, एवढाच हा गुणाकार आहे. दुकानात उभ्या उभ्या होतो.

बाहेरचा व्यासही बघा. दाबली की स्प्रिंग किंचित फुगते. पिस्टनच्या आतल्या भोकापेक्षा ती ०.३ ते ०.५ मि.मी. बारीक नसेल तर आत घासते, आणि तो घासण्याचा आवाज माणूस ‘नवी आहे, रुळेल’ म्हणून सोडून देतो. ती रुळत नाही.

मूळ मापाची स्प्रिंग

चारांतली सर्वांत कंटाळवाणी आणि आमच्या मते दहापैकी आठ जणांनी घ्यावी अशी. दहा मीटरवर कागदावर नेम धरणाऱ्याला ताकद लागतच नाही. स्पर्धेच्या दहा मीटर रायफली साधारण साडेसात जूलवर चालतात आणि त्या कागदावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथं बारा जूलची बंदूकही जास्तच म्हणायची. पंचवीस-तीस मीटरवर पत्र्याची लक्ष्यं पाडायची असतील तरी बारा जूल भरपूर झाले.

या स्प्रिंगेत दोष असतो तो बहुधा टोकांचा. स्वस्त मालात शेवटचा वेढा नुसता तोडून ठेवलेला असतो. काचेच्या तावदानावर स्प्रिंग उभी करा आणि शेजारी सुताराचा गुण्या लावा. २४० मि.मी. उंचीत वरचं टोक गुण्यापासून तीन-चार मिलिमीटरहून जास्त हटलं तर ती परत करा. मग तीच आडवी ठेवून काचेवर लोळवा. खाली फटीतून उजेड हेलकावत दिसला तर तिला बाक आहे. वाकडी स्प्रिंग पिस्टनला एका अंगाने दाबते, एकाच बाजूने सिलिंडर घासते आणि दर बाराला वेगळा झटका देते. नेम पसरतो तो यामुळेही. दोष नळीला लावला जातो.

जाड तारेची ‘पॉवर’ स्प्रिंग

वरचा हिशेब हिच्यासाठीच केला. मिटायची जागा उरत असेल, गाइड घट्ट असेल, पिस्टन पुरेसा जड असेल आणि छर्रा ०.५३ ग्रॅम किंवा जास्त वजनाचा असेल तर ही चालते. या चारांतली एक जरी अट मोडली तरी त्रास सुरू होतो.

पिस्टनचं सांगतो. जोरदार स्प्रिंग हलका पिस्टन इतक्या वेगाने पुढे फेकते की समोरच्या हवेची उशी त्याला मागे उसळवते, आणि त्याच क्षणी छर्रा नळीत असतो. उसळीत गेलेली ऊर्जा छऱ्याला मिळत नाही. म्हणून ३.० वरून ३.२ वर गेल्यावर कागदावर ३३ मीटर वाढलेला वेग प्रत्यक्षात बराच कमी भरतो, आणि माणूस आणखी जाड स्प्रिंग मागवतो. हलका छर्रा वापरला तर उशीच तयार होत नाही, पिस्टन सिलिंडरच्या तळावर धडकतो. चार-सहा महिन्यांत पिस्टनच्या तोंडावरचं, हवा अडवणारं सील फाटतं. रिकामा बार काढला तर तीच धडक सर्वांत जोराची बसते, म्हणून छर्रा न घालता खटका कधीच दाबू नका.

बंदुकीवर दुर्बीण असेल तर ती आणखी लवकर जाते. स्प्रिंगच्या बंदुकीचा झटका दुहेरी असतो, आधी मागे आणि मग पुढे. साध्या दुर्बिणीतली काच पुढच्या झटक्यासाठी बांधलेलीच नसते.

कायद्याचा आकडा इथं आठवा. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २७५ मीटरने सुटला की २० जूल झाले. ०.५६ ग्रॅमच्या छऱ्याला तेच २० जूल २६७ वर होतात. वेग कमी दिसला म्हणून ताकद कमी, असं समजू नका. वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन, हा हिशेब प्रत्येक छऱ्यासाठी वेगळा करा.

जागा कमी पडत असेल तर दोन वेढे कापायचा उपाय आहे आणि तो चांगला आहे. वरच्या उदाहरणातल्या ३.२ च्या स्प्रिंगचे दोन वेढे काढले तर मिटलेली लांबी १०२.४ वर येते, आधीचा दाब ५० वरून सुमारे ३६ मि.मी. वर उतरतो, तरीही साठलेली ऊर्जा ४३ जूल राहते. म्हणजे मूळ स्प्रिंगेपेक्षा जास्तच, आणि मिटायला साडेसात मिलिमीटर जागा. कापताना ग्राइंडरची पातळ चकती वापरा, आरीने तार कापली जाणार नाही. शेवटचा अर्धा वेढा तेवढा लाल करून शेजारच्या वेढ्यावर बसवा, आणि त्याच्या मागचे दोन-तीन वेढे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. उष्णता मागे गेली की तिथली तार मऊ पडते आणि पहिल्या शंभर बारांत तिथंच बसते. मग टोक सपाट घासून बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा.

रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात जाड स्प्रिंग मागितली जाते ती बहुतेक वेळा रानडुकरांसाठी. हे स्पष्टच सांगायला हवं: रानडुक्कर असो की मोर, छऱ्याने प्राणी जखमी होऊन कुठंतरी मरतो, पिकाची राखण होत नाही आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा होतो तो वेगळाच. त्या कामासाठी स्प्रिंग घेत असाल तर घेऊ नका.

गावात वळून घेतलेली स्प्रिंग

औद्योगिक वसाहतींच्या आसपास स्प्रिंग वळून देणारे कारागीर सापडतात आणि हव्या त्या मापाची स्प्रिंग एका दिवसात मिळते. हे मोठं सुख आहे, कारण जुन्या देशी बंदुकांच्या मापाची तयार स्प्रिंग शोधायला गेलं तर आठवडे जातात. पण कारागिराचं रोजचं काम पंपाच्या नाहीतर गेटच्या स्प्रिंगांचं असतं. त्या स्प्रिंगा तारेच्या सहनशक्तीच्या निम्म्यावरही काम करत नाहीत. बंदुकीतली स्प्रिंग जवळजवळ टोकाला काम करते. त्यामुळे तीन गोष्टी आधीच ठरवून घ्या.

पहिली, तार. साधी कडक ओढलेली तार नको. म्युझिक वायर किंवा ऑइल टेम्पर्ड क्रोम सिलिकॉन मागा. क्रोम सिलिकॉन उष्णतेत कमी बसते, म्हणून आपल्या हवामानाला ती जास्त योग्य. दुसरी, वळल्यानंतरचा शेक. वळताना तारेत ताण अडकून राहतो, तो शेकल्यावर जातो. म्युझिक वायरला सुमारे २५० अंश सेल्सियसला अर्धा तास पुरतो. क्रोम सिलिकॉनला त्याहून बरंच जास्त, चारशेच्या जवळ तापमान लागतं आणि त्यासाठी नियंत्रण असलेली भट्टी हवी. गॅसच्या शेगडीवर अंदाजाने शेकलेली स्प्रिंग एका ठिकाणी मऊ आणि दुसऱ्या ठिकाणी ठिसूळ निघते. ठिसूळ जागा मोडते. तिसरी, मिटवणं. हव्या लांबीपेक्षा थोडी लांब वळून, दांड्यावर ओवून, शिकंज्यात पाच-सहा वेळा पूर्ण मिटवायची. जेवढी बसायची तेवढी तिथंच बसते आणि बंदुकीत गेल्यावर लांबी टिकते. हे केलं नाही तर पहिल्या आठवड्यात वेग उतरतो आणि दोष तारेला दिला जातो.

या तिन्ही गोष्टींना ‘हो’ म्हणणारा कारागीर मिळाला तर मूळ मापाइतकाच हा पर्याय चांगला. फक्त एकाच वेळी दोन वळून घ्या. एकाच तारेच्या, एकाच दिवशीच्या दोन स्प्रिंगा पुढे कामी येतात.

गॅस स्प्रिंग

तारेच्या जागी दाबलेल्या वायूची नळी. झणझण नाही, पिळणं नाही, थोडा वेळ ओढून ठेवली तरी बसत नाही. हाताला वेगळाच, कोरडा आणि झटपट झटका जाणवतो. ज्यांच्या बंदुका कारखान्यातूनच तशा येतात त्यांना ही ठीक आहे. तारेच्या बंदुकीत ती घालायची तर पिस्टन, गाइड आणि कधी कधी मागची टोपीसुद्धा बदलावी लागते, आणि वायू गळला की गावात भरून मिळत नाही.

पण खान्देशात तिचा खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो कुठल्याच पाकिटावर लिहिलेला नसतो. बंद नळीतल्या वायूचा दाब तापमानासोबत वाढतो. धुळ्याच्या थंडीत पहाटे ८ अंश असतात, मे महिन्यात भुसावळला दुपारी ४५. केल्विनमध्ये हे २८१ ते ३१८, म्हणजे दाबात १३ टक्क्यांचा फरक. ताकद त्याच प्रमाणात धरली तर जानेवारीत १८.५ जूल देणारी बंदूक मे महिन्यात जवळपास २१ वर जाते. थंडीत मोजून नियमात बसवलेली बंदूक उन्हाळ्यात नियमाबाहेर. शिवाय वेगात सहा टक्क्यांच्या आसपास फरक पडला की तीस मीटरवर छर्रा वेगळ्याच जागी लागतो, म्हणजे दर ऋतूला दुर्बीण पुन्हा लावा. तारेची स्प्रिंग एवढ्याच तापमानात फार तर एखादा टक्का मऊ होते. गॅस घ्यायचीच असेल तर वेग उन्हाळ्यात मोजा.

बसवणं

आधी बंदूक रिकामी आणि न ओढलेली आहे याची खात्री करा. जुन्या स्प्रिंगवरच दहा बार क्रोनोग्राफवर (छऱ्याचा वेग मोजायचं यंत्र) मोजून लिहून ठेवा. तो आकडा नसेल तर नव्या स्प्रिंगने काय केलं हे कळणारच नाही.

दस्त्याचे पुढचे दोन आणि खटक्याच्या कडीचे स्क्रू काढले की लोखंडी भाग मोकळा होतो. मागच्या टोपीच्या पिना आत्ता काढू नका. त्यांच्यामागे २६ किलोचा दाब, ५० मिलिमीटरचा प्रवास तयार आहे. गुडघ्यावर धरून, मित्राला ‘दाबून धर’ म्हणून ही टोपी काढणारे आहेत. टोपी तोंडावर आली तर दात जातात. सुताराचा लांब सॅश क्लॅम्प घ्या, किमान १०० मि.मी. आटा असलेला. नळीच्या बाजूला लाकडाचा खाचा पाडलेला ठोकळा आणि टोपीच्या बाजूला नायलॉनचा तुकडा लावा. किंचित दाब द्या, दाब पिनांवरून सुटला की पिना पितळी पंचने अलगद निघतात. ठोकाव्या लागत असतील तर दाब कमी किंवा जास्त आहे. पिना निघाल्यावर आटा हळूहळू सोडा, डोळ्यांवर चष्मा आणि चेहरा टोपीच्या रेषेबाहेर.

स्प्रिंग आणि गाइड निघाले की नळीची बिजागरी आणि कॉकिंगचा जोड काढून पिस्टन मागून ओढून घ्या. बिजागरीच्या दोन्ही बाजूंना पातळ चकत्या असतात. डावी-उजवी बदलू नका.

सिलिंडरच्या पोटात कॉकिंगच्या जोडासाठी लांब खाच असते. तिच्या कडा बोटाने तपासा. देशी बंदुकांत त्या हमखास धारदार असतात आणि नवं सील आत ढकलतानाच कापलं जातं. ४०० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने कडा मारा. कीस रॉकेलने धुऊन काढा आणि पुन्हा कोरडं पुसा. पुसायला कापूस वापरू नका. आपल्याकडे तो हाताशी असतो, पण त्याचे तंतू सिलिंडरच्या तळाशी चिकटतात आणि छऱ्यामागच्या छिद्रात अडकतात. जुन्या बनियनचं कापड उत्तम.

सील चामडी वायसर असेल आणि कोरडी पडली असेल तर बदलायच्या आदल्या रात्री सिलिकॉन तेलात बुडवून ठेवा. पॉलियुरेथेनची असेल तर खाचेवर प्लास्टिकची पातळ पट्टी धरून आत सरकवा.

आता गाइड. सगळ्या कामात सर्वांत जास्त फरक इथं पडतो आणि सर्वांत कमी लोक इथं लक्ष देतात. कारखान्याचा गाइड बहुधा सैल असतो. स्प्रिंग आणि गाइड यांत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फट असेल तर स्प्रिंग हेलकावते. झणझण तिथून येते. डेलरिनचा (एक कडक प्लास्टिक) किंवा चांगल्या नायलॉनचा रॉड घेऊन लेथवाल्याकडून स्प्रिंगच्या आतल्या व्यासाएवढा, हाताने दाबून बसेल इतका घट्ट गाइड वळून घ्या. ओढल्यावर स्प्रिंग फुगते आणि गाइडवर मोकळी होते, म्हणून बसताना घट्ट असणं बरोबर आहे. नायलॉन पाणी शोषून फुगतं, पावसाळ्यात अडकू शकतं. डेलरिन मिळालं तर तेच घ्या. पुढच्या टोकाला, पिस्टनच्या आत बसणारी टोपीच्या आकाराची स्टीलची लहान बैठकही तिथंच करून घ्या. वीस ग्रॅमपर्यंत वजन पिस्टनला मिळतं, उसळी कमी होते. मूळ मापाची स्प्रिंग आणि घट्ट गाइड ही जोडी जाड स्प्रिंगेला नेमाच्या कागदावर हरवते.

वंगण कमी. मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पेस्ट पिस्टनच्या मागच्या कडेला, कॉकिंगच्या जोडाला आणि बिजागरीच्या चकत्यांना, प्रत्येक ठिकाणी ज्वारीच्या दाण्याएवढी. सीलच्या तोंडावर काहीही नाही. स्प्रिंगच्या बाहेरून दाट ग्रीसचा इतका पातळ थर की त्यातून तारेचा रंग दिसावा. गाडीचं ग्रीस चोपडू नका. उन्हात ते पातळ होऊन पुढे येतं आणि हवा दाबली जाताना तिथं जळतं. बाराचा आवाज फटाक्यासारखा होतो, नळीतून निळसर धूर येतो आणि वेग एकदम वाढलेला दिसतो. माणूस खूश होतो, सील जळत असतं.

जोडताना उलट क्रम. पिना हाताने सरकल्या पाहिजेत. पहिल्यांदा ओढताना नळी शेवटपर्यंत एका हातात घट्ट धरून ठेवा आणि खटका दातावर बसल्याचा आवाज ऐका. त्याआधीच नळी दगडासारखी थांबली तर वेढे भिडले आहेत, जोर करू नका, पुन्हा उघडा. छर्रा भरताना दुसरा हात नळीवरून कधीच काढायचा नाही. नवी स्प्रिंग जास्त ताणाची असेल तर जुना झिजलेला दात ती पेलेलच असं नाही. नळी अचानक मिटली तर बोटं जातात.

नंतरचं

पहिले वीस-पन्नास बार थोडा धूर आणि वास येईल. त्यानंतरही येत राहिला तर ग्रीस जास्त झालं आहे. पन्नास बारांनी दस्त्याचे स्क्रू पुन्हा आवळा. खरा वेग दोनशे-तीनशे बारांनंतर मोजा, स्प्रिंग तोवर बसून स्थिर होते. दहा बारांच्या वेगात सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत पाच-सहा मीटरचा फरक ठीक. पंधरा-वीसचा असेल तर स्प्रिंगकडे न बघता नळी मिटते तिथला ओ-रिंग तपासा. सांध्यावर टिश्यूची पट्टी धरून बार काढा. ती उडाली तर हवा तिथून जाते आहे. हा दहा रुपयांचा रबर न बदलता महागडी स्प्रिंग बदलणारे खूप आहेत.

वेग बरोबर पण झणझण आहे: गाइड सैल. झणझण नाही पण वेग उतरला: सील किंवा ओ-रिंग. ओढताना कुरकुर आणि एका जागी जड: स्प्रिंग वाकडी किंवा पिस्टनमध्ये घट्ट. स्प्रिंग मोडून दोन तुकडे झाले तरी बंदूक चालत राहते, फक्त ताकद उतरते आणि ओढताना कटकट आवाज येतो. तशीच वापरली तर तुकडे एकमेकांत घुसून पिस्टनचं पोट खरवडतात.

उन्हाळ्यात बंदूक बंद गाडीत ठेवू नका. ग्रीस वाहून पुढे येतं. घरात आडवी ठेवा, ओढलेली कधीच नको. नवी स्प्रिंग बसवली त्या दिवशीचा वेग, छऱ्याचं वजन आणि तापमान कागदावर लिहून दस्त्याच्या आत चिकटवा. त्याच छऱ्यावर, त्याच ऋतूत, ओ-रिंग चांगला असताना वेग दहा टक्क्यांनी खाली आला की वळून घेतलेली दुसरी स्प्रिंग बाहेर काढायची.